कोणाले उलटी झाली का?

(दारव्हा तालुक्यातला एका ट्रस्टचा लहानसा दवाखाना, पुरुषांचा हाडांचा वॉर्ड. गझाला तिथली नर्स. विमलताई बोरी अरब गावाहून आलेली, इथं भरती असलेल्या नवऱ्याजवळ राहणारी बाई.)

गझाला : मग चादर काहून बदलली, काकू?

विमलताई : चहा सांडला.

गझाला : आणि उशीचा अभ्रा?

विमलताई : त्याच्यावरबी सांडला. यायचा हात कापते ना, बाई. मांडीचं आपरेशन झालं तवापासून कपबशी धरवत नाई यायले.

गझाला : चहाचा डाग पडते, काकू. या गाठोड्याले आंबूस वास येऊन राह्यला.

विमलताई : दुधाचा चहा होता.

गझाला : मी रोज सकाळी खाटेखाटेनं काय विचारत जाते?

विमलताई : कोनाले उलटी झाली का, हागवन लागली का, ताप आला का. मले आता पाठ झालं. आन मी रोज सांगतो, नाई म्हनून.

गझाला : रोज सगळेच नाही म्हणत होते, आणि ते खरं होतं. आज बाजूच्या खाटेवरच्या उकंडाभाऊले झाली. कोपऱ्यातल्या मास्तरलेबी झाली. आणि तुमचे भगवानराव भिंतीकडं तोंड करून पडलेत.

विमलताई : पडू द्या त्यायले. रातभर डोळा लागला नाई.

गझाला : काहून?

विमलताई : मच्छर.

गझाला : भगवानराव, इकडं पाहा बरं. जीभ दाखवा.

विमलताई : अवो, झोपले ते. झोपल्या मानसाची जीभ कायले पाह्यता?

गझाला : ओठ कोरडे पडलेत यांचे.

विमलताई : ऊन तापू लागलं आता. माहेबी पडले.

गझाला : बरं. उकंडाभाऊचं सांगा. मी आली तेव्हा त्याची खाट साफ होती. सफाईवाली मथुराबाई म्हणते, तिनं नाही पुसलं. मग कोणी पुसलं?

विमलताई : मी पुसलं. त्याले कोन हाये इथं? चिंचा पाडाले झाडावर चढला, फांदी मोडली. दोन्ही हात पलस्तरात. ज्यानं कामाले आनलं तो इथं टाकून गेला आन भाचा तिकडं तेलंगनात मिरची तोडाले गेलेला. बिचाऱ्याच्या छातीवरच ओकारी पडली होती. तशीच राहू देऊ का?

गझाला : नाही. चांगलं केलं तुम्ही. कशानं पुसलं?

विमलताई : जुन्या लुगड्याचं फडकं होतं माह्याजवळ. मोरीत धुतलं मंग. हातबी साफ केले. ते भिंतीवरच्या बाटलीतलं लावलं, तिखट वासाचं. चांगलं कोपरापर्यंत चोळलं.

गझाला : साबण?

विमलताई : बाटलीतलं लावल्यावर साबन कायले?

गझाला : मी ज्याच्यावर शंका घेऊन राह्यली ना काकू, त्या विषाणूवर बाटलीतलं नीट चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, तेच लागते. मग त्या हातानं काय केलं?

विमलताई : काय करन? चारलं त्याले. रोजच चारतो. आधी त्याले, मंग यायले. मास्तरची बायको घरी गेलती, तर त्यायलेबी भाकर चुरून देल्ली.

गझाला : हं.

विमलताई : हं काय? काय झालं?

गझाला : काही नाही. उकंडाभाऊले आणि मास्तरले आता वेगळ्या खोलीत न्यावं लागन.

विमलताई : वेगळ्या खोलीत? आन त्याच्या जवळचं मानूस?

गझाला : जवळचं माणूस बाहेर. नियम आहे तसा.

विमलताई : आमच्या यायले काहीच झालं नाई, बाई. तुम्ही जा आता.

* * *

डॉ. नयन : दोन, सिस्टर. तुमच्याकडे दोनच आहेत.

गझाला : सांगितलेले दोन आहेत, सर. मथुराबाई दुपारपर्यंत थांबलीच नाही, पोट धरून घरी गेली. आमची सकाळची सिस्टर आज आली नाही.

डॉ. नयन : जेवणातून असेल. किचन बघितलं?

गझाला : तेच जेवण बायकांच्या वॉर्डात जातं. पाण्याची टाकीही एकच. तिकडे कोणालाच काही नाही. हे आपल्याच वॉर्डात आहे, हाताहातांतून फिरतंय.

डॉ. नयन : नमुना पाठवला?

गझाला : नागपूरला गेला. उत्तर यायला वेळ लागेल.

डॉ. नयन : आणि उद्या ऑपरेशनचं शिबिर आहे. उमरखेडकडून पेशंटच्या गाड्या निघणार आहेत आज. सिस्टर, त्यांतली एक बाई जमिनीवर बसून सरकत सरकत चालते, गुडघे गेलेत तिचे. वर्षभर वाट बघतेय ती. नागपूरच्या सर्जनची तारीख मिळवायला मी किती जणांच्या पाया पडलोय, तुम्हाला माहीत आहे. दोन माणसांच्या उलट्यांसाठी मी तिला येऊ नको म्हणू?

गझाला : बायकांच्या वॉर्डातही तिला आपलेच हात लागणार ना, सर? तेही ताज्या ऑपरेशनवर? आणि मग ती इथून घरी काय घेऊन जाईल?

डॉ. नयन : मला कळतं ते. पण ट्रस्टींना काय सांगू? शंका आहे, एवढंच?

गझाला : भगवानराव.

डॉ. नयन : त्यांचं काय?

गझाला : त्यांना होतंय. त्यांची बायको लपवते आहे. चादर बदलली, अभ्रा बदलला, चहा सांडला म्हणते.

डॉ. नयन : थांबा, थांबा. भगवानरावांची लघवीची गोळी चालू आहे. आज सकाळी दिली?

गझाला : दिली असणार. कोणालाच माहीत नव्हतं.

डॉ. नयन : त्यांची किडनी आधीच नाजूक आहे. त्यात रात्रभर उलट्या, वरून ती गोळी. पाणी सगळं संपून जाईल त्यांच्या अंगातलं. मी जातो, मीच विचारतो त्या बाईंना.

गझाला : तुम्ही विचारलं तर पुन्हा चहाच सांडेल, सर.

डॉ. नयन : मग काय करायचं?

गझाला : रक्ताचा नमुना घ्या, ऑपरेशननंतरची तपासणी म्हणून. गोळी थांबवा. तोवर मी बोलते. तिला आपल्यापैकी कोणाची भीती नाही वाटत, सर. तिला त्या खोलीची भीती वाटते. का, ते मला माहीत नाही अजून.

डॉ. नयन : गाड्या एकदा निघाल्या की मला त्या परत पाठवता येणार नाहीत. एवढं लक्षात ठेवा.

* * *

गझाला : नळ बंद करा, काकू. पाणी वाया जाऊन राह्यलं. बसू का इथं पायरीवर?

विमलताई : बसा ना. दवाखाना तुमचा हाये.

गझाला : रक्त काहून घेतलं म्हणून विचारलं नाही तुम्ही.

विमलताई : घ्या म्हटलं. जे घ्याचं ते घ्या, फकत यायले इथून हालवू नका.

गझाला : मी वेगळी खोली म्हटलं, तर तुमचं तोंड एकदम उतरलं. काहून?

विमलताई : तुम्ही करोनात होत्या का नोकरीले?

गझाला : होती.

विमलताई : माहे दीर होते, सदाशिवराव. एक डाव गावात तुमच्यासारखीच बाई आली, दारोदार इचारत. कोनाले खोकला हाये का, ताप हाये का. सगळ्या गल्लीनं नाई म्हटलं. मी म्हटलं, आमच्या भाऊजीले हाये. खरं सांगाले काय भ्याचं? गाडी आली, चालत जाऊन बसले गाडीत. चपलाबी सोताच घातल्या. मंग फोनच आला. पिशवीत बांधून दाखवलं दुरून. तोंड नाई पाह्यलं कोनी, बायकोनंबी नाई. जाऊ माही अजून म्हनते, तू तोंड उघडलं नसतं तर मानूस घरात गेला असता, आपल्या मानसाइत. आता बोला. तुम्ही लोकं बोलता चांगलं.

गझाला : मी काय बोलू? त्या खोलीचं दार लावणाऱ्यांत मी होती, काकू. लोक काचेले हात लावून उभे राहत आणि मी आतून मान हलवत जावो, की नाही, नाही. आम्हालेबी तेव्हा काहीच माहीत नव्हतं. पण दार लावत होतो आम्हीच.

विमलताई : मंग?

गझाला : हे ते नाही. हे पोटाचं आहे. चांगल्या धडधाकट माणसाले एक-दोन रोज पिळून काढते आणि सोडून देते. पण म्हाताऱ्या, आपरेशनवाल्या माणसाच्या अंगातलं पाणी आटून जाते, आणि तिथं ते जीव घेऊ शकते. माहीत असलं तर सलाईन लावता येते. माहीत नसलं तर आम्ही चुकीची गोळी देतो. आज सकाळी कदाचित दिली आम्ही.

विमलताई : कोनती? ती पांढरी?

गझाला : लघवीची.

विमलताई : दिली ना. तुमच्याच सिस्टरनं दिली काल रातीची ड्यूटी संपता संपता. मी पाजली पान्यासंगं.

गझाला : काकू, मी तुम्हाले शब्द देते. भगवानराव त्या खोलीत गेले तर तुम्हीबी त्यांच्यासंगं आत जाल. बाहेर काढणार नाही तुम्हाले कोणी.

विमलताई : नियम हाये म्हटलं ना तुम्ही?

गझाला : नियम नातेवाइकाले बिमारी लागू नये म्हणून आहे. तुम्ही तर सगळ्यांचं पुसून बसल्या. तुम्हाले बाहेर पाठवणं म्हणजे तुमच्या हातासंगं ते बाहेर पाठवणं. म्हणून आतच राहायचं. फकत घरी जायचं नाही, दुसऱ्या खाटेजवळ जायचं नाही, मी सांगन तसं करायचं.

विमलताई : डाक्टर हो म्हनले?

गझाला : त्यांले अजून विचारलं नाही.

विमलताई : आन ते नाई म्हनले तर?

गझाला : तर मी दारात उभी राहीन. पण शब्द मी दिला.

विमलताई : यायनं सकाळपासून लघवी नाई केली, बाई. रातीपासून ओकून राह्यले. चादरीखाली पिशवी धरली मी, कोनाले आवाज जाऊ नाई म्हनून तोंडावर हात ठेवला त्यायच्या. आता हाक मारली तर हं म्हनत नाई नीट. झोपले म्हटलं मी तुमाले. झोपले नाई ते.

गझाला : उठा. चला लवकर. सर! सर, भगवानराव!

* * *

डॉ. नयन : दुसऱ्या हातालाही सलाईन लावा. जलद सोडा पहिली बाटली. भगवानराव, माझ्याकडे बघा. मी कोण?

विमलताई : बोला ना हो! डाक्टर विचारून राह्यले.

डॉ. नयन : राहू द्या, काकू. डोळे उघडले त्यांनी, तेवढं बस. सिस्टर, त्यांना आणि उकंडाला आतल्या खोलीत हलवा. मास्तरांनाही. उकंडाची नाडी मला आवडत नाहीये. काकू, तुम्ही आता बाहेर थांबा.

गझाला : त्या आत येतील, सर.

डॉ. नयन : काय?

गझाला : मी त्यांना शब्द दिलाय.

डॉ. नयन : मला न विचारता?

गझाला : हो.

डॉ. नयन : सिस्टर, हा वॉर्ड माझ्या नावावर चालतो. उद्या काही झालं तर विचारणार मला.

गझाला : विचारतील. म्हणून तर सांगते. त्यांनी तो शब्द मिळाल्यावरच तोंड उघडलं. तो मोडला, तर या वॉर्डात पुन्हा कोणी मला खरं सांगणार नाही. आणि आणखी लपवणारे असतील, सर.

डॉ. नयन : एकच बाई. आतून बाहेर यायचं नाही. गाऊन, हातमोजे, आणि दर वेळी साबण.

विमलताई : डाक्टर, एक मिनिट थांबू का या दारात?

डॉ. नयन : कशाला?

विमलताई : यायले सांगाचं हाये, वार्डातल्या लोकाइले. सिस्टरबाई म्हनते ते खरं हाये. काल राती मोरीवर मी एकलीच नव्हती. मी फडकं धूत होती तं बाजूले दुसरीबी बाई चादर धूत होती. मी पाह्यलं न पाह्यल्यासारखं केलं, तिनंबी तसंच केलं.

डॉ. नयन : बोला. मोठ्यानं बोला.

विमलताई : अवो, ऐका बरं समदे! मी बोरीवाली विमल. मले वळखता तुम्ही, माह्या हातचं खाल्लं तुम्ही. आमचे हे रातभर ओकले आन मी लपवलं. चहा सांडला म्हनून सांगतलं. आता पाहा, दोन्ही हाताले सलाईन लागलं त्यायच्या. अजून घंटाभर लपवलं असतं तं काय झालं असतं, देवाले माहीत. तुमच्यात कोनाले झाली असन तं सांगून टाका. कोनी हाकलत नाई. मले आत घेऊन राह्यले, पाहा, यायच्या संगंच. तो खिडकीजवळचा भाऊ, तुह्या बापाचं सांग. आन त्या बाजूची माय, तू लाजू नको, मी काल मोरीवर तुलेच पाह्यलं.

गझाला : सर.

डॉ. नयन : बघतोय मी.

गझाला : खिडकीजवळचे दोघं. दारातले बाबा. मास्तरांच्या पलीकडचा. तो बापाजवळ बसलेला तरणा, त्याला स्वतःलाच झाली, बापाला नाही. हात वर होतायत अजून.

डॉ. नयन : अर्धा वॉर्ड आहे हा.

गझाला : हो.

डॉ. नयन : फोन द्या माझा. हॅलो? हो, डॉक्टर नयन. गाड्या निघाल्या का? एक निघाली? कुठंपर्यंत आली? मग परत फिरवा. हो, परत. नाही, रद्द नाही, पुढं ढकललं. वॉर्डात पोटाची साथ आहे. ट्रस्टींना मी सांगतो, तुम्ही गाडी फिरवा आधी. आणि ऐका, त्या गाडीत एक बाई आहेत, गुडघ्यांच्या. त्यांना माझा नंबर द्या. मी स्वतः बोलेन त्यांच्याशी.

* * *

विमलताई : उकंडाले नेलं तिकडून फोन आला का, सिस्टरबाई?

गझाला : अजून नाही. भगवानराव काय म्हणतात?

विमलताई : पेज मांगतली सकाळी. लघवी झाली चांगली. डाक्टरनं पाठीवर थाप मारली त्यायच्या. आता मलेच रागावून राह्यले, म्हनते, तोंडावर हात कायले ठेवला, जीव गुदमरला माहा.

गझाला : मग बरे झाले.

विमलताई : आन उकंडाचा फोन?

गझाला : मोठ्या दवाखान्यात गेल्यावर लगेच नाही सांगत ते, काकू. किडनीनं काम थांबवलं होतं त्याचं. तिथं मशीन आहे, आपल्याजवळ नाही. पोटात अन्नच नव्हतं त्याच्या कैक महिने, ताकद कुठून आणणार?

विमलताई : अँबुलन्समधे घालताना माह्याकडं पाह्यत होता. हात हालवाले जाये, पन पलस्तर. नुसतं लाकूड हाललं.

गझाला : नागपूरचं उत्तर आलं. मले वाटलं होतं तेच निघालं, नोरो म्हणतात त्याले. आता जिल्ह्याले कळवावं लागते. मले तुम्हाले एक विचारायचं आहे. हे वॉर्डात कुठून आलं, ते शोधावं लागते.

विमलताई : विचारा.

गझाला : या उलट्या सुरू व्हायच्या आधी तुम्ही घरी गेलत्या ना एक रात?

विमलताई : गेलती. खुशीले पाहाले. माही नात, लेकाची. तिले... हो. तिले उलट्या लागल्या होत्या. अंगनवाडीतल्या सगळ्याच पोराइले लागल्या होत्या. सुनेले एकलीले जमे ना. मी रातभर पोरगी मांडीवर घेतली. सकाळी पोरगी हासू लागली, तवा एष्टीत बसली आन इकडं आली.

गझाला : तुम्हाले काही झालं?

विमलताई : जरासं मळमळलं. एष्टीचं असन म्हटलं.

गझाला : आल्यावर आधी काय केलं?

विमलताई : डबा उघडला. खुशीच्या आईनं भाकर-बेसन देलतं. उकंडा भुकेला होता, त्याले पयले चारलं. बाई, माह्याकडं पाहा. तुम्ही लिहिनं थांबवलं.

गझाला : पाहून राह्यली.

विमलताई : मी आनलं का हे?

गझाला : काकू, असं पक्कं कोणी...

विमलताई : खोटं नको. मी तुमाले चहा सांडला म्हटलं, तुम्ही मले चहा नका सांगू.

गझाला : बहुतेक हो. तुमच्यासंगं आलं. तुम्ही आणलं नाही, ते आलं. पण आलं तुमच्याच हातानं.

विमलताई : त्याले चारल्यानं.

गझाला : चारल्यानं नाही. साबण न लावता चारल्यानं. हे तुम्हाले आधी सांगायचं काम माझं होतं. मी रोज फकत विचारत गेली, कोणाले उलटी झाली का. तुम्ही घरून काय पाहून आल्या, ते कधी विचारलं नाही. आता विचारीन. दारातच.

विमलताई : तो मेला तं?

गझाला : अजून फोन आला नाही, काकू.

विमलताई : तो मेला तं मले सांगजा. लपवू नका.

* * *

गझाला : पिशव्या भरल्या, गाडी बाहेर उभी आहे, भगवानराव वॉकर घेऊन मोकळ्या हवेत बसले. आणि तुम्ही अजून इथंच?

विमलताई : चप्पल सापडत नव्हती.

गझाला : तुमच्या पायातच आहे, काकू. उकंडाभाऊ परत आला म्हणून कळलं ना तुम्हाले?

विमलताई : पाह्यलं. स्ट्रेचरवरून नेताना पाह्यलं. लई वाळला.

गझाला : पण आला. लघवी सुरू झाली, मशीन काढलं. आता फकत हाडं जुळायची आहेत. चला, भेटून घ्या.

विमलताई : नको. माही सावलीबी नको त्याच्यावर.

गझाला : तुमच्यात आता काही नाही. कधीचंच गेलं ते. मी नसतं येऊ दिलं नाहीतर. ते गिलासातलं पाणी घेतलं होतं कोणासाठी?

विमलताई : असंच भरलं.

गझाला : मग असंच घेऊन चला. आधी हात.

विमलताई : धुतले. दोनदा धुतले. तुम्ही नका विचारू.

उकंडा : कोन हाये दारात? विमलबाई हाये का?

विमलताई : हाव. मीच हाये.

उकंडा : मले वाटलं, तुम्ही गावाले गेल्या.

विमलताई : जाऊनच राह्यली. उकंडाभाऊ, जायच्या आधी तुले एक सांगाचं होतं. ती बिमारी माह्या घरून आली. माह्या नातीले झालती. मी तिचं केलं आन त्याच हातानं इथं येऊन तुले घास देल्ला. मास्तरले झालं, आमच्या यायले झालं, पन तुह्या तं जिवावरच आलं. मी नसती तं तुले काहीच झालं नसतं.

उकंडा : नात बरी हाये का?

विमलताई : हाये. खेळून राह्यली.

उकंडा : लहान लेकरू. बरं झालं.

विमलताई : तू काही म्हन ना मले. शिवी दे.

उकंडा : काय म्हनू, बाई? तिकडं लई लोकं होते. नर्सबाया चांगल्या होत्या, पन एक बाई आन खाटाच खाटा. बाजूले पान्याची बाटली ठेवे आन धावत जाये. माहे हात असे. मी बाटलीकडं पाह्यत पडो. कोनी आलं तं पाजे, नाई तं पाह्यत राहो. आताबी घसा सुकला गाडीत.

विमलताई : सिस्टरबाई, याले पानी पाजा हो. गिलास भरला हाये.

गझाला : माझ्या हातात सुई आहे, काकू.

विमलताई : मंग ती झाल्यावर पाजा. मी इथं ठेवतो, टेबलावर.

उकंडा : टेबलावर कायले ठेवता? तठून कसं पाजसान, बाई? अठी या.